लाकडी ढलपी व भुसा वाळविण्याच्या पद्धतींची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : सोलापूर)

प्रस्तावना

लाकूडकामाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच तयार वस्तूकडे जाते. वाड्याचा कोरीव खांब, देवघर, हातमाग, तंबोरा, गलबत अशा वस्तूंची नोंद होते, त्यांच्या कारागिरांचा गौरव होतो. मात्र या वस्तू घडत असताना रंध्याखाली व करवतीखाली जे पडते, त्याला इतिहासात स्थान मिळत नाही. वास्तविक हा अवशेष कधीच पूर्णपणे निरुपयोगी नव्हता. तो बंबात जळला, शेगडीत ठासला गेला, काचसामानाभोवती भरला गेला, कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरला गेला आणि पुढे दाबून त्याचे तक्ते व कांड्या झाल्या. या सर्व उपयोगांना एकच समान अट होती, ती म्हणजे हा माल वाळलेला असला पाहिजे.

वाळविणे ही क्रिया दिसावयास साधी आहे. त्यामुळे तिच्या इतिहासाबद्दल एक सोपी समजूत रूढ झालेली आढळते. पूर्वी लोक उन्हात वाळवीत, नंतर भट्ट्या आल्या, त्यानंतर यंत्रे आली आणि प्रत्येक पुढची पद्धत मागच्या पद्धतीपेक्षा श्रेष्ठ ठरली, अशी ती समजूत आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या समजुतीची तपासणी केली आहे. सोलापूरची शुक्रवार पेठ व तिच्याभोवतीचे जुने गावठाण हा विवेचनाचा मध्यबिंदू मानून अंबरनाथ, शिवकाशी, मिरज व माळीनगर येथील उदाहरणांशी त्याची तुलना केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) लाकडातील ओलाव्याविषयीचे पारंपरिक व शास्त्रीय ज्ञान यांचा परस्परसंबंध पाहणे.
२) वाळविण्याची पद्धत निवडण्यामागील हवामान, इंधन, जागा व श्रम या घटकांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३) सोलापूरसारख्या कोरड्या हवेच्या शहरात ढलपी व भुसा यांसाठी कोणती पद्धत योग्य ठरते, याविषयी निष्कर्ष काढणे.

संकल्पना व परिभाषा

सुताराच्या कामात तीन प्रकारचा अवशेष निघतो. वाकसाने तासताना जाड तुकडे निघतात. रंधा फिरविताना पातळ, कुरळी पापुद्र्यासारखी साल निघते. करवतीने कापताना दाणेदार भुसा पडतो. बोलीत या तिन्हींना सरसकट 'भुसा' म्हटले जाते. या निबंधात रंध्याच्या पातळ सालीसाठी 'ढलपी' व करवतीच्या चुऱ्यासाठी 'भुसा' हे शब्द योजले आहेत. हा भेद वाळविण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण ढलपीच्या ढिगात हवा खेळते, तर भुसा दाटून बसतो.

मराठी भाषेत ओलाव्याच्या पायऱ्या दाखविणारे शब्द विपुल आहेत. ओलेकच्च, ओले, ओलसर, दमट, सुकलेले, वाळलेले, खडखडीत वाळलेले ही केवळ साहित्यिक समृद्धी नसून मोजमापाची पद्धत आहे. 'खडखडीत' हा शब्द आवाजावरून आला आहे. मुठीत दाबलेली ढलपी मोडताना आवाज करते की निमूटपणे वाकते, यावरून ती वाळली की नाही हे ठरते. वजन, वास आणि आवाज ही कारागिराची तीन मोजमापे होती. उपकरण नसतानाही ती कामास पुरेशी होती.

शास्त्रीय परिभाषेत लाकडातील पाणी दोन ठिकाणी असते. काही पाणी पेशींच्या पोकळीत मोकळे असते, तर काही पेशींच्या भित्तीत बांधलेले असते. मोकळे पाणी आधी निघून जाते. केवळ बांधलेले पाणी शिल्लक राहते त्या अवस्थेस तंतुसंपृक्तता बिंदू म्हणतात. बहुतेक जातींच्या लाकडात तो कोरड्या वजनाच्या सुमारे २५ ते ३० टक्के असतो. अमेरिकी वनखात्यातील हॅरी टीमन यांनी ही संकल्पना १९०६ मध्ये मांडली. या बिंदूच्या खाली आल्यावरच लाकूड आकसते व त्याचे बळ वाढते. दुसरी महत्त्वाची संकल्पना समतोल ओलाव्याची आहे. लाकूड सभोवतालच्या हवेशी समतोल साधते, त्यापेक्षा अधिक ते आपोआप वाळत नाही. तापमान सुमारे ३० अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना हा समतोल सुमारे ६ टक्क्यांवर येतो. त्याच तापमानाला आर्द्रता ८० टक्के असेल, तर तो १५ ते १६ टक्क्यांवर थांबतो. पुढील सर्व विवेचनाचा पाया ही एवढीच वस्तुस्थिती आहे.

फळी वाळविणे व ढलपी वाळविणे यांतील फरक

भारतात लाकूड वाळविण्याचे जुने ज्ञान मुख्यतः इमारती व जहाजी लाकडाशी निगडित होते. मलबार व ब्रह्मदेशातील सागवानाच्या उभ्या झाडाच्या खोडाभोवती कडे पाडून ते जागेवरच मारले जाई व दोन-तीन वर्षे तसेच उभे ठेवले जाई. वाळल्यामुळे हलके झालेले लाकूड नदीतून तरंगत नेता येई. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजबांधणीची मोठी परंपरा निर्माण केली. त्या परंपरेतील १८१७ मध्ये पाण्यात उतरविलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेले आहे. सागवानाच्या वाढत्या मागणीमुळे जंगलांची हानी होऊ लागली आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली.

१९०६ मध्ये डेहराडून येथे वनसंशोधन संस्था स्थापन झाली व भारतीय लाकडाच्या जातींचा वाळविण्याच्या दृष्टीने पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. एस. एन. कपूर यांची या विषयावरील मार्गदर्शिका १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी याच संस्थेत सौर उष्णतेवर चालणाऱ्या भट्टीचे प्रयोग झाले. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय मानक संस्थेने लाकूड वाळविण्याची संहिता तयार केली व देशाचे आर्द्रतेनुसार विभाग पाडून त्या त्या विभागात लाकडातील ओलावा किती असावा, हे निश्चित केले. ज्या देशात कोकण व मराठवाडा यांची हवा इतकी भिन्न आहे, तेथे सर्वत्र एकच प्रमाण चालणार नाही, याची ही अधिकृत मान्यता होय.

तथापि हे सर्व ज्ञान प्रामुख्याने फळीविषयीचे होते. फळी वाळविताना मुख्य भीती असते ती बाहेरचा भाग आधी आकसून लाकडाला चिरा पडण्याची. म्हणून तेथे घाई चालत नाही. एक इंच जाडीच्या सागवानी फळीला मोकळ्या हवेत अनेक महिने लागतात. ढलपीची जाडी मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. तिला चीर पडली तरी बिघडत नाही आणि पाण्याला आतून बाहेर येण्यास अंतरच नसते. एकटी ढलपी उन्हात एका तासात वाळू शकते. ती वाळत नाही, कारण ती एकटी नसते, ढिगात असते. म्हणजे फळीच्या बाबतीत लाकूड हा अडथळा असतो, तर ढलपीच्या बाबतीत ढीग हाच अडथळा असतो. ढलपी वाळविण्याच्या सर्व पद्धती म्हणजे ढीग मोडण्याच्या पद्धती होत. त्यासाठी ती पातळ पसरावी लागते, दाताळ्याने वरखाली करावी लागते, फिरत्या पिंपात उधळावी लागते किंवा गरम हवेच्या झोतात उडवावी लागते.

ओला ढीग तसाच राहिला तर तो स्वस्थ बसत नाही. सूक्ष्मजीवांच्या क्रियेमुळे तो आतून तापतो, त्यास बुरशी लागते, आणि फार मोठ्या ढिगात ही उष्णता साठत जाऊन आग लागण्यापर्यंत मजल जाते. ओल्या भुशाच्या ढिगातून पहाटे निघणारी वाफ ही तो वाळत असल्याची खूण नसून तो कुजत असल्याची खूण असते.

सोलापूर : वाळवणाचे शहर

सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. पाऊस कमी व बेभरवशाचा, त्यातील मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते व हवा अत्यंत कोरडी असते. शेतीच्या दृष्टीने ही हवा शाप मानली गेली. मात्र वाळविण्याच्या कामी तिने या शहराला मोठे बळ दिले. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल म्हणजेच 'जुनी मिल' सुरू झाली आणि शहर गिरणगाव बनले. परंतु त्याही आधीपासून येथे हातमाग होता आणि हातमागाच्या प्रत्येक टप्प्यात वाळविणे होते. रंगविलेले सूत दोरीवर वाळत असे. पांजणीच्या वेळी ताणा गल्लीत लांबवर ताणून त्याला खळ लावली जाई व तो तेथेच वाळविला जाई. गल्ली ही रहदारीची जागा होती, तशीच ती कारखान्याची वाळवणखोलीही होती.

मागाचे बरेच भाग लाकडी होते. धोटा नीट न वाळलेल्या लाकडाचा असेल तर तो काही दिवसांत वाकडा होतो व ताण्याचे धागे तोडतो. त्यामुळे विणकराची कमाई सुताराच्या लाकूड वाळविण्यावर अवलंबून असे. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ अशा वारांच्या नावांच्या पेठांतील दाट वस्तीत विणकर, सुतार, रंगारी व व्यापारी हे परस्परांपासून फार दूर नव्हते. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचे इंधन होणे अशा वस्तीत स्वाभाविक होते.

या वस्तीच्या जुन्या घरांचे वैशिष्ट्य म्हणजे माळवद. मातीचे सपाट छप्पर असलेल्या या घरांच्या माथ्यावर चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, धान्य यांचे वाळवण पडे. जी जागा पापडासाठी तीच ढलपीसाठी. वाळवणाचे नियमही तेच होते. थर पातळ असावा, सकाळी दव ओसरल्यावर घालावे, दुपारी परतावे, ऊन उतरण्यापूर्वी गोळा करावे आणि गोळा केलेले लगेच बंद करून ठेवावे, म्हणजे रात्रीची ओल पुन्हा धरत नाही. हे ज्ञान मुख्यतः स्त्रियांचे होते. शास्त्रीय ग्रंथांत ज्याला समतोल ओलावा म्हणतात, त्याचे भान यातील शेवटच्या नियमात स्पष्ट दिसते.

वाळलेल्या भुशाचा घरगुती उपयोग म्हणजे भुशाची शेगडी. पत्र्याच्या डब्याला खाली भोक, मध्ये उभी बाटली किंवा नळी, भोवती भुसा घट्ट ठासायचा, नळी अलगद काढायची आणि खालून पेटवायचे. वाळलेला भुसा तासन्तास संथ जळतो. ओला भुसा असेल तर घर धुराने भरते. ढलपी बंबात जाई. ती चटकन पेटते व चटकन संपते. म्हणजे कोणता अवशेष कशासाठी व किती वाळवायचा, याची निवड प्रत्येक घरात रोज होत होती.

या पद्धतीची क्षमता आकड्यांत मांडता येते. १०० किलो ओली ढलपी घेतली व तिच्यात निम्मे पाणी असेल, तर तिच्यात ५० किलो लाकूड व ५० किलो पाणी आहे. एकूण वजनाच्या १२ टक्के ओलावा राहील इतकी वाळविली तर ती सुमारे ५७ किलो भरते, म्हणजे सुमारे ४३ किलो पाणी काढावे लागते. एवढे पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे २६,००० किलोकॅलरी उष्णता लागते. ती लाकूड जाळून मिळवायची तर तत्त्वतः सुमारे ६ किलो कोरडे लाकूड लागेल, आणि भट्टीची निम्मी उष्णता वाया जाते असे धरल्यास १२ किलो. सोलापुरात स्वच्छ दिवशी प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ५.५ किलोवॉट तास, म्हणजे सुमारे ४,७०० किलोकॅलरी सौर उष्णता पडते. तिचा केवळ ३० टक्के भाग कामी आला असे मानले, तरी चौरस मीटरमागे दिवसाला दोन-सव्वादोन किलोहून अधिक पाणी उडते. म्हणजेच सुमारे १८ चौरस मीटर, अर्थात २०० चौरस फुटांच्या माळवदावर १०० किलो ओली ढलपी एका दिवसात वाळते. माळवद हे मागासलेपणाचे लक्षण नव्हते, ते एक बिनखर्चाचे उष्णतायंत्र होते.

अंबरनाथ व शिवकाशी : एकाच मालाच्या दोन पद्धती

हवामान व पद्धत यांचा संबंध आगपेटी उद्योगात विशेष स्पष्ट दिसतो. आगकाडी ही एका अर्थाने मोजून कापलेली ढलपीच होय. ओल्या ओंडक्याची पातळ साल यंत्रावर सोलतात, तिच्या काड्या कापतात, विझल्यावर निखारा राहू नये म्हणून त्या रासायनिक द्रावणात बुडवितात आणि मग वाळवितात. काडी ओलसर राहिली तर ती मेण नीट शोषत नाही, गूल पकडत नाही व पेटताना विझते. सर्व उद्योगाचे यश या वाळविण्यावर अवलंबून असते.

१९२२ मध्ये आयात आगपेट्यांवरील जकात ग्रोसमागे दीड रुपया करण्यात आली. या भिंतीच्या आत येण्यासाठी स्वीडिश उद्योगसमूहाने वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी अर्थात 'विमको' स्थापन केली व १९२४ च्या सुमारास अंबरनाथ येथे कारखाना उभारला. मुंबई बंदर व रेल्वे जवळ असणे ही या जागेची जमेची बाजू होती, तर हवा ही उणी बाजू होती. अंबरनाथच्या पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पलीकडे जाते. अशा हवेत काडी कितीही दिवस पसरून ठेवली तरी ती १८ टक्क्यांच्या आसपास ओलसर राहते. बारमाही उत्पादन करावयाचे तर गरम हवेच्या यांत्रिक वाळवणीशिवाय पर्याय नव्हता. भांडवल, बाष्पक आणि इंधन हे तेथे चैनीचे नव्हे तर हवामानाने लादलेले खर्च होते.

याच काळात, १९२३ च्या सुमारास, अय्या नाडार व षण्मुग नाडार हे कलकत्त्याहून आगपेटी निर्मितीचे तंत्र शिकून तामिळनाडूतील शिवकाशीस परतले. शिवकाशीची हवा सोलापूरप्रमाणेच कोरडी आहे. तेथे काड्या अंगणात पसरून वाळविल्या गेल्या. इंधनाचा खर्च शून्य होता व यंत्राचा खर्च अत्यल्प होता. पुढे हातबनावटीच्या आगपेट्यांना अबकारी करात सवलत मिळत गेली आणि या लघुउद्योगाने मोठ्या यांत्रिक कंपनीला बाजारात मागे सारले. विमको २००५ मध्ये आयटीसी समूहाकडे गेली.

केवळ एवढ्यावरून उन्हाने यंत्रावर मात केली, असा निष्कर्ष काढणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. शिवकाशीच्या उद्योगात दीर्घकाळ बालमजुरी होती. एम. सी. मेहता विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर १९९६ रोजी निर्णय दिला आणि धोकादायक कामातील प्रत्येक बालकामागे मालकाने २०,००० रुपये कल्याणनिधीत भरावेत, असा आदेश दिला. ऊन फुकट असते, परंतु उन्हात माल पसरणारे, परतणारे व गोळा करणारे हात फुकट नसतात. ते स्वस्त ठेवले जातात. अंबरनाथचा वाळविण्याचा खर्च कंपनीच्या ताळेबंदात दिसत होता. शिवकाशीचा खर्च मुलांच्या बुडालेल्या शाळेत दडलेला होता. म्हणून पद्धतीची तुलना करताना कोणती पद्धत स्वस्त, एवढेच विचारून भागत नाही. तिचा खर्च कोण सोसतो, हेही विचारावे लागते.

मिरज व माळीनगर : हेतूनुसार निवड

पद्धत ठरविणारा दुसरा घटक म्हणजे हेतू. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा-पंढरपूर परिसरातून जातो. भीमाकाठच्या या भागात पिकलेला मोठा, जाड सालीचा भोपळा काही महिने वाळविल्यानंतरच कारागीर तो हाती घेतो. त्याला जोडावयाचे तुनीचे लाकूडही मुरलेले असावे लागते. येथे वेग हा गुण नसून दोष आहे. घाईने वाळविलेला भोपळा तडकतो व नाद बिघडतो. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या कीर्तीत सोलापूरच्या कोरड्या हवेचाही वाटा आहे, ही बाब दुर्लक्षिली जाते.

याउलट उदाहरण साखर उद्योगाचे आहे. सोलापूर जिल्ह्यात १९३२ मध्ये माळीनगर येथे सासवड माळी शुगर फॅक्टरीची स्थापना झाली व १९३४ च्या सुमारास श्रीपूरचा कारखाना उभा राहिला. पुढे हा जिल्हा साखर कारखान्यांचा जिल्हा बनला. उसाचा चोथा म्हणजे बगॅस हा चरकातून निघतो तेव्हा त्यात निम्मे पाणी असते. या अवस्थेत त्याची उष्णताक्षमता किलोमागे सुमारे २,२५० किलोकॅलरी असते. पूर्ण कोरड्या बगॅसची क्षमता सुमारे ४,६०० किलोकॅलरी असते. तरीही कारखाने बहुधा तो ओलाच जाळतात, कारण हंगामात त्याचा ओघ प्रचंड असतो व तो पसरून वाळविण्यास जागा व वेळ नसतो. धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्ण वायूवर बगॅस वाळविण्याचा प्रयोग अमेरिकेतील लुईझियाना येथे प्रा. ई. डब्ल्यू. केर यांनी १९१० मध्येच केला होता. त्यात ओलावा ५४ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर आणला गेला. हा प्रयोग ढलपी व भुशाच्या दृष्टीनेही मार्गदर्शक आहे. वाळविण्यासाठी नवे इंधन न जाळता आधीच जळलेल्या इंधनाची उरलेली उष्णता वापरावी, हे त्याचे तत्त्व होय.

यांत्रिक पद्धतींचा उदय व त्यांच्या मर्यादा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत लाकडाच्या टंचाईतून ढलपी व चुरा दाबून तक्ते बनविण्याचा उद्योग पुढे आला. सरस नीट धरावा म्हणून या उद्योगास ढलपी अवघ्या २ ते ५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेली लागते. एवढी वाळवणी उन्हात होणे अशक्य असल्यामुळे फिरत्या पिंपाचे वाळवणयंत्र प्रचारात आले. तिरपे ठेवलेले लांब पिंप संथ फिरते, आतील पात्या ढलपी उचलून गरम वायूत सोडतात व ती दुसऱ्या टोकास कोरडी पडते. बारीक भुशासाठी गरम हवेच्या नळीतून माल उडवीत नेण्याची पद्धत आहे. जेथे ८० ते १०० अंशांची टाकाऊ उष्णता उपलब्ध असते, तेथे सच्छिद्र पट्ट्यावर माल संथ सरकवीत वाळविता येतो. इंधनकांड्या बनविण्यासाठी सुमारे १० ते १२ टक्के ओलावा चालतो, तर कुक्कुटपालनातील गादीसाठी २० ते २५ टक्के ओलावा योग्य मानला जातो. म्हणजे सर्व मालाला एकच कोरडेपणा देणे हा शुद्ध अपव्यय आहे.

यंत्रांचे धोकेही लक्षात घ्यावे लागतात. अतिवाळलेला बारीक भुसा हवेत उडाला व ठिणगी पडली तर स्फोट होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात धुळीपासून संरक्षण व ज्वलनशील धुळीविषयीची दक्षता यांसाठी स्वतंत्र तरतुदी होत्या. लाकडाच्या धुळीचा संबंध नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाशी आहे, हे इंग्लंडमधील फर्निचर कामगारांच्या पाहणीतून १९६० च्या दशकात पुढे आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश निश्चित कर्करोगजनक घटकांत केला. दुसरीकडे अपुऱ्या वाळलेल्या ढलपीत ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते. अशी ढलपी गादीसाठी अंथरली तर पिलांना फुप्फुसाचा रोग होतो व लहान शेतकऱ्याचा सबंध हंगाम बुडतो. कमी वाळविण्याची किंमत एकाला व अति वाळविण्याची किंमत दुसऱ्याला द्यावी लागते.

सोलापूरच्या संदर्भात निवडीचे निकष

वरील विवेचनाच्या आधारे सोलापूर परिसरासाठी काही निकष मांडता येतात.

अ) ऋतू : ऑक्टोबर ते मे या काळात ऊन व वारा पुरेसे आहेत. तीन ते पाच सेंटिमीटरचा थर, दिवसातून तीन-चार वेळा परतणे व सायंकाळपूर्वी झाकणे एवढ्यावर ढलपी १० टक्क्यांच्या खाली येऊ शकते. या काळात यांत्रिक वाळवणीवर इंधन खर्च करणे असमर्थनीय आहे. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र केवळ उन्हावर विसंबता येत नाही.

आ) जागा : आज माळवदे कमी झाली व त्यांच्या जागी काँक्रीटचे स्लॅब आले. वाळविण्यासाठी हा पृष्ठभाग मातीपेक्षा सरस आहे, कारण तो ओल सोडत नाही. तथापि दाट वस्तीत वाऱ्याने उडणारा भुसा शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातो. म्हणून गावठाणात फक्त ढलपी वाळवावी व बारीक भुसा वस्तीबाहेर हाताळावा.

इ) उष्णतेचा स्रोत : शहरात चादरी व टॉवेलचा उद्योग आहे. सोलापुरी चादर व टॉवेल यांना भौगोलिक मानांकनही लाभले आहे. या उद्योगातील रंगशाळांच्या बाष्पकांतून उष्ण वायू बाहेर पडतो. ठिणग्या अडविण्याची व्यवस्था करून त्या उष्णतेवर तापविलेली स्वच्छ हवा पावसाळ्यात ढलपीसाठी वापरता येईल. केर यांच्या प्रयोगामागील तत्त्व येथे थेट लागू पडते.

ई) हेतू : बंब व चूल यांसाठी उन्हातील वाळवण पुरेसे आहे. गादीसाठी मध्यम ओलावा चालतो, पण बुरशी मुळीच चालत नाही. इंधनकांड्यांसाठी ओलाव्याचे मापन आवश्यक आहे. तक्त्यांसाठी यंत्राला पर्याय नाही.

उ) श्रम : परतणे व गोळा करणे या कामाची मजुरी हिशेबात धरूनच उन्हातील वाळवणाचा खर्च काढावा. नाकावर पट्टी, सावलीतील विसावा व प्रौढ मजूर या अटी गृहीत धरल्यानंतरही ऊन स्वस्त ठरत असेल, तरच ते खरोखर स्वस्त आहे.

निष्कर्ष

१) ऊन, भट्टी व यंत्र या एकामागून एक येणाऱ्या प्रगतीच्या पायऱ्या नसून भिन्न परिस्थितीतील पर्याय आहेत. एकाच दशकात अंबरनाथला यंत्र व शिवकाशीला ऊन योग्य ठरले, यावरून हे सिद्ध होते.

२) फळी वाळविण्याचे शास्त्र ढलपीस जसेच्या तसे लावता येत नाही. फळीत लाकडाची जाडी निर्णायक असते, तर ढलपीत ढिगाची जाडी निर्णायक असते.

३) सोलापूरच्या गावठाणातील वाळवणाची परंपरा ही समतोल ओलाव्याच्या तत्त्वाशी सुसंगत होती. तिचे श्रेय ज्यांच्या नावाची नोंद कोठेही नाही, अशा गृहिणी, विणकर व सुतार यांना जाते.

४) कोणत्याही पद्धतीचा खर्च नाहीसा होत नाही, तो केवळ एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. कधी तो जंगलावर पडतो, कधी बाष्पकाच्या इंधनावर, कधी मुलाच्या शाळेवर, तर कधी कामगाराच्या श्वासावर. तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराचे काम हा सरकलेला खर्च शोधून काढण्याचे आहे.

उद्योगांचा इतिहास अभ्यासताना गिरणीच्या धुराड्याइतकेच लक्ष माळवदावरील वाळवणाकडेही दिले गेले पाहिजे. ज्या हवेमुळे सोलापूरची शेती पिढ्यानपिढ्या होरपळली, त्याच हवेने येथील सूत वाळविले, धोटा सरळ ठेवला, मिरजेच्या तंबोऱ्याला भोपळा दिला आणि सुताराच्या रंध्याखाली पडलेल्या ढलपीलाही मोल मिळवून दिले. प्रादेशिक इतिहासाच्या लेखनात हवामानाकडे केवळ दुष्काळाचे कारण म्हणून न पाहता उत्पादनाचे साधन म्हणूनही पाहावे, असे प्रस्तुत अभ्यासावरून म्हणता येते.